वसुबारसेचा हिशेब

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत दोन प्रकारची घरं होती. पहिल्या तारखेची आणि दिवाळीची. पहिल्या तारखेची घरं म्हणजे कचेऱ्यांत, रेल्वेत, पोस्टात नोकरी करणाऱ्यांची. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या खिडक्यांतून भज्यांचा वास यायचा आणि महिना उतरणीला लागला की त्यांचीच मुलं वाटी घेऊन साखर मागायला दारोदार निघायची. दिवाळीचं घर गल्लीत एकच, आमचं. आमच्याकडे भजी कधीही होत किंवा महिनोन् महिने होत नसत. साखर मागायला मात्र आम्ही तारीख पाहून जात नव्हतो.

बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या एका घाऊक दुकानात होते. थान उतरवायचं, व्यापाऱ्यापुढे उलगडायचं, पसंत पडलं नाही की पुन्हा गुंडाळून जागच्या जागी ठेवायचं, हे त्यांचं काम. पगार किती, असं कुणी विचारलं तर त्यांना सांगता येत नसे, कारण पगार सालाचा असे आणि तो किती हे साल संपल्यावरच कळे. वर्षभर गरज पडेल तशी उचल घ्यायची. मग वसुबारसेला, म्हणजे दिवाळीच्या पहिल्या दिवशी, शेठजी गादीवर बसून एकेकाला बोलावत, यंदा धंदा कसा झाला ते पाहून सालाचा आकडा सांगत, त्यातून उचल वजा करत आणि उरलेले पैसे हातावर ठेवत. वर मिठाईचा डबा आणि सदऱ्याचं कापड. वसुबारसच का, तर घाऊक धंदा तोवर आटोपलेला असतो आणि धनतेरस उजाडली की शेठ लोक घरातली लक्ष्मी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. काय द्यायचं ते आदल्या दिवशी देऊन मोकळे होतात.

बाबांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. ते काटोलकडच्या खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. तिकडे शेतावरचा गडीसुद्धा सालदार असतो, सालाचं ठरवून राबतो. कापूस, ज्वारी, संत्री, सगळं वर्षातून एकदा घरात येतं आणि माणसं त्यावर वर्ष काढतात. शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते, आईला नेहमी म्हणत की हा असला कसला बाई पगार. एकदा बाबांनी ओट्यावरून ते ऐकलं आणि म्हणाले, "पीक काय दर महिन्याले निंघते काय वयनी?" काकूंच्या घरी गहू पिशवीतून येत असे.

उचल मागणं हे मात्र बाबांना कधीच जमलं नाही. मागायचं म्हणजे गादीसमोर जाऊन उभं राहायचं आणि खाकरायचं. शेठजी वर न पाहता विचारत, "क्या काम है?" मग काम सांगायचं. शेठजी वाईट नव्हते, त्यांनी कुणाला नाही म्हटल्याचं ऐकिवात नाही. पण घरातलं तेल संपलंय हे चारचौघांत सांगायचं बाबांच्या जिवावर येई. आई सकाळी त्यांना कारण पढवून पाठवायची आणि संध्याकाळी ते रिकाम्या हाताने परत यायचे. शेठजी कामात होते, गिऱ्हाईक बसलं होतं, आज चांगला दिवस नव्हता. "तोंडात जीभ हाय का नाई या मानसाच्या?" असं आई चुलीला विचारायची. मग आमटी पातळ व्हायची, इतकंच.

पण खरं सांगू का, बाबांचा तो भिडस्तपणा हीच आमची बँक होती. वर्षभर जे जे त्यांच्याच्याने मागवलं नाही ते सगळं वसुबारसेला एकदम घरात येई. एका वसुबारसेला पाण्याचा पितळी हंडा आला, एकीला छपरावरचे सगळे कवेलू, म्हणजे कौलं, बदलून झाले, एकीला भिंतीवरचं ठोक्यांचं घड्याळ. त्या दिवशी संध्याकाळी बाबा दुकानातून यायचे तेव्हा काखेत एक कापडी पिशवी असे. आईने ती खास या कामासाठी शिवली होती, आतून चोरकप्पा घालून. ती पिशवी आई हातात घेई, देवापुढे ठेवी, आणि त्यानंतर तिचा आवाज जो मऊ होई तो थेट भाऊबीजेपर्यंत टिके. मला लहानपणी वाटायचं की दिवाळी म्हणतात ती यालाच.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षीच्या दिवाळीत शेठजींनी हिशेब केले आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान मुलाच्या हाती दिलं. छोटे शेठ बी.कॉम. झालेले. त्यांनी गादीशेजारी एक टेबल आणि खुर्ची आणून ठेवली, भिंतीवर पंखा लावला आणि पाडव्याला दुकानातल्या तिन्ही जुन्या माणसांना बोलावून सांगितलं की यापुढे कुणी काही मागायचं नाही, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे आपोआप मिळतील.

बाबा त्या संध्याकाळी घरी आले ते मिरवत आल्यासारखे. "आता मांगाचं नाई म्हनते. आपोआप!" आईने त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि ओट्यावर जाऊन काकू ऐकतील अशा आवाजात मला सांगितलं की आता आपणही पहिल्या तारखेचे.

बाबांनी छोट्या शेठच्या बोलण्याचा काय अर्थ घेतला ते ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. त्यांनी अर्थ घेतला की उचल मागायची कटकट गेली, ती आता महिन्याच्या महिन्याला हातात पडेल. हिशेब तर वसुबारसेला होतोच. छोट्या शेठनी सालाचा आकडा सांगितला नाही, कुणी विचारलाही नाही. तो आधी सांगायची पद्धत दुकानात नव्हतीच. दुसरी दोन जुनी माणसंही हेच धरून चालली, आणि आईही. दर महिन्याला मिळणारे पैसे पूर्वीच्या उचलीपेक्षा बरेच जास्त होते, ते पाहून आई म्हणाली की शिकलेल्या माणसाचा हात सैल असतो. काकूंनी एकदा विचारलंही, की मग आता दिवाळीला काय? आई म्हणाली, हिशेब. काकूंना वाटलं बोनसला हे लोक हिशेब म्हणत असतील.

मी मॅट्रिक पास झाले. गल्लीतली माझी मैत्रीणही झाली. आम्ही दोघींनी बर्डीच्या बाजारपेठेपलीकडच्या कॉलेजात नाव घातलं. महालातून तिथे जायचं म्हणजे शुक्रवारी नावाच्या तलावाच्या काठाने, कॉटन मार्केटवरून, लोखंडी पुलाखालून. एकट्या मुलीने त्या पुलाखालून पायी जावं असं तेव्हा कुणाच्याच घरात चालत नसे. आम्ही दोघी मिळून सायकलरिक्षा करत होतो, अर्धं भाडं तिचं, अर्धं माझं. पण पावसाळा संपता संपता मैत्रिणीचं लग्न ठरलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. ती सासरी गेली की पूर्ण रिक्षा आम्हाला परवडणार नव्हती. खेड्याहून काका आले होते, ते म्हणाले, मग सोडून दे की, पोट्टीले अजून शिकवून काय कराचं हाय, माझ्याजवळ लग्नाची दोन ठिकाणं हायत. आईने उत्तर दिलं. म्हणाली, वसुबारसेला सायकल येते, मग रिक्षाही नको आणि मैत्रीणही नको.

दुसऱ्या दिवशी ती मला इतवारीतल्या सायकलच्या दुकानात घेऊन गेली. तिथे एक जुनी लेडीज सायकल उभी होती. हिरवी, पुढे वेताची टोपली, मागच्या चाकाला लुगडं अडकू नये म्हणून जाळी. मी घंटी वाजवून पाहिली. दुकानदार म्हणाला दिवाळीपर्यंत ठेवतो. त्यानंतर मी रोज त्या सायकलवरून मनातल्या मनात कॉलेजात जात होते. रिक्षात मैत्रीण लग्नाच्या साड्यांबद्दल बोलायची आणि मी हो हो म्हणत घंटी वाजवायचे.

ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात सुखाचं वर्ष होतं, हे मी आजही म्हणेन. पहिल्या तारखेला बाबा ताठ मानेने येत. कुणापुढे उभं राहिलेले नसत, खाकरलेले नसत. कधी संत्र्याची बर्फी आणत, कधी माझ्यासाठी रिबिनी. आईने थंडीत कोथिंबीर भरून सांबारवडी केली तीही काटकसरीची नाही, तेल सोडून तळलेली, आणि काकूंकडे पाठवली. आम्ही तिघं एका पहिल्या तारखेला बर्डीवर सिनेमा पाहून आलो आणि येताना टांग्यात बसलो. बाबांना चष्मा झाला, आईला कानातलं डागून घेता आलं, घरात चहाचे एकसारखे कप आले. उधळपट्टी म्हणावी असं त्यात काहीच नव्हतं. सगळं गरजेचंच होतं, किंवा गरजेच्या अगदी शेजारचं. खेड्याकडच्या नातेवाइकांनाही पहिली तारीख कळली. पूर्वी ते दिवाळीला येत, आता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना नागपुरात कामं निघू लागली.

आणि वसुबारस आली.

त्या दिवशी काय झालं ते बाबांनी तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, काही त्या संध्याकाळी, काही पुष्कळ वर्षांनी, हसत. सकाळी ते धुतलेलं धोतर, टोपी आणि काखेत कापडी पिशवी अशा थाटात दुकानात गेले. दुसरे दोघंही तसेच आले होते, आपापल्या पिशव्या घेऊन. दुपारी तिघं गादीच्या कडेला ओळीने बसले. छोट्या शेठनी मिठाईचे डबे दिले, सदऱ्याचं कापड दिलं. तिघांनी नमस्कार केला आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. छोटे शेठ टेबलावर वाकून काम करू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली तर तिघं तिथेच. त्यांनी विचारलं, "क्या काम है?" बापाचंच वाक्य, बापाच्याच सुरात. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात तेलापुरते पैसे धड मागितले नाहीत तो माझा बाप त्या दोघांच्या वतीने उठला, खाकरला आणि म्हणाला, "हिसाब, शेठ."

छोट्या शेठना पहिल्यांदा कळेचना. कळलं तेव्हा ते खुर्चीवरून उठून गादीवर येऊन बसले, एवढं सौजन्य त्यांच्यात होतं. त्यांनी समजावून सांगितलं की सालाचा पगार त्यांनी मागच्या पाडव्यालाच ठरवला होता, मागच्या सालापेक्षा थोडा वाढवूनच, आणि त्याचे बारा भाग करून महिन्याच्या महिन्याला दिला. आता मागे काही उरलेलं नाही. हवं तर पुढच्या महिन्याचे आधी देतो. बाबा म्हणाले, राहू द्या.

मी त्या दिवशी संध्याकाळपासून ओट्यावर बसून होते. आईने दारात गाय-वासराची रांगोळी काढली होती. बाबा गल्लीच्या तोंडाशी दिसले आणि मला काखेतली पिशवी दिसली. चपटी होती. मिठाईचा डबा दुसऱ्या हातात होता. ते रांगोळीला वळसा घालून आत गेले, डबा देवापुढे ठेवला आणि आईला म्हणाले, "सालच सरलं वं. बारा तुकडे करून देऊन टाकलं म्हनते."

आई एकेक आठवत होती हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कप, चष्मा, टांगा, सांबारवडी. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी आत जाऊन रडले. चांगली ओक्साबोक्शी रडले, हिरव्या सायकलसाठी आणि त्याहून जास्त काकांच्या त्या दोन ठिकाणांसाठी. मला लग्न नको होतं. मला इतिहासाचा तास हवा होता आणि वाचनालयाच्या खिडकीजवळची जागा.

बाहेर बाबा म्हणाले की ते मोठ्या शेठजींच्या घरी जाऊन सांगतात, ते समजून घेतील. मी रडणं थांबवून ऐकू लागले. त्यांनी चपला पायात सरकवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मी दाराआडून पाहिलं तर ते उंबऱ्यावर उभे होते, एक पाय बाहेर, एक आत. आई त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या डोक्यावरची टोपी तिने स्वतः काढून खुंटीला लावली.

"नोका जाऊ," ती म्हणाली. "मांगनं तुमचं काम नोय. आजपासून शेठ मी."

पुढच्या पहिल्या तारखेला ती घरात खरोखरच गादीवर बसली. गादी म्हणजे चौघडी केलेली गोधडी. बाबांनी पैसे आणले तसे तिने घेतले आणि पत्र्याच्या डब्यात घालून डबा मांडीजवळ ठेवला. मग तिने कायदा सांगितला. या घरात आता पगार नाही, उचल आहे. ज्याला जे हवं त्याने येऊन मागायचं, कारण सांगायचं, आणि हिशेब वसुबारसेला. घरखर्चाला लागतील तेवढे ती स्वतःसुद्धा उचल म्हणून घेत असे, डब्याला हात जोडून. आम्ही हसलो. तिने हसू दिलं नाही.

सायकल नव्हती, तुळशीचं लग्न झालं, मैत्रिणीचंही झालं. वरातीतून परत येताना मी ठरवलं होतं की उद्यापासून कॉलेज संपलं, आपण होऊनच सांगून टाकावं, बाबांना बोलायला लागू नये. पण सकाळी बाबा माझ्या आधी तयार होऊन बसले होते, काखेत तीच कापडी पिशवी. म्हणाले, "शेठनं मले बर्डीतलं काम देल्लं हाय. शिंप्याईले कापडाचे नमुने दाखवाचे. रोज सकाळी जाच लागते. चाल, तुले कॉलेजात सोडून देतो."

अशी आमची पायपीट सुरू झाली. रोज सकाळी शुक्रवारी तलावाच्या काठाने आम्ही निघायचो. बाबा रस्त्याच्या बाजूने, मी काठाच्या बाजूने. कॉटन मार्केटात संत्र्यांच्या पेट्या उतरत असायच्या आणि बाबा गाड्यांवरून ओळखायचे की कुठल्या गावचा माल आहे. मला पुस्तकातली अकबर-औरंगजेबाची गोष्ट सांगायला लावायचे आणि प्रत्येक बादशहाबद्दल एकच प्रश्न विचारायचे, की तो आपल्या माणसांना पगार कसा देत होता. लोखंडी पुलाखाली वरून आगगाडी गेली की आम्ही बोलणं थांबवायचो. कॉलेजच्या फाटकाशी ते म्हणायचे, जातो वं, शिंपी वाट पाहून राहिले असतील. परत येताना वर्गातल्या मुलींबरोबर दुपारी मी उजेडात येत असे, तेवढं चालवून घेतलं जाई.

मी छोट्या शेठना मात्र मनातल्या मनात भरपूर शिव्या घालत होते. एक तर सालाचे तुकडे केले, वर या वयात माझ्या बापाला रोज बर्डीची फेरी लावली. बाबांच्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो त्यांनी सुतळीने बांधला होता. शिंप्यांच्या दारात ते त्या चपला घालून उभे राहत असतील या विचाराने मला लाज वाटायची आणि राग यायचा. एकदा मी म्हटलंही, की या कामाचे वेगळे पैसे मागा. बाबा म्हणाले, "मांगू मांगू." ते कधी मागणार नाहीत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

घरी तर आणखी मजा होती. बाबांना सुपारीला पैसे हवे असले की ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि खाकरायचे. आई भाकरी थापता थापता वर न पाहता विचारायची, "क्या काम हाय?" बाबा म्हणायचे, राहू दे, आणि ओट्यावर येऊन बसायचे. मला हसू आवरत नसे. आई मुद्दाम करते हे मला दिसत होतं. एखाद्या वेळी तीच नंतर गपचूप सुपारीचं खांड त्यांच्यापुढे सरकवायची. पण चपलांचं तिने दोनदा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, चालते अजून, सुतळी मजबूत हाय. जो माणूस शेठजींकडे मागू शकला नाही तो बायकोकडे काय मागणार?

पुढची वसुबारस आली. आईने सकाळीच गादी घातली, डबा मांडीवर घेतला, गाय-वासराच्या रांगोळीला हळदकुंकू वाहिलं आणि आम्हाला समोर बसवलं. काकूही मजा पाहायला आल्या होत्या, दारात उभ्या राहिल्या. आईने सगळ्यांच्या उचली तोंडपाठ सांगितल्या. माझी फी, माझ्या वह्या, तिचं एक लुगडं, पाहुण्यांचा चहा, काकांना दिलेलं गाडीभाडं. मग तिने दोन वाटे केले. एक मोठा, तो सायकलचा. तो तिने मोजला आणि पुन्हा मोजला, कारण थोडे कमी पडत होते. दुसरा वाटा तिने बाबांपुढे ठेवला. म्हणाली, दर महिन्याला तुमच्या नावाने बाजूला काढत होते. सुपारीचे, चपलेचे, कटिंगचे. तुम्ही एकदाही नेले नाहीत, हे घ्या.

बाबा त्या पैशांकडे पाहत राहिले. त्यांच्याकडे स्वतःचे म्हणून एवढे पैसे कधी आले नसावेत. मग त्यांनी एका बोटाने तो वाटा सायकलच्या वाट्याकडे सरकवला आणि विचारलं, "आता पुरते काय?"

पुरले. दारातल्या काकूंनी पदराने डोळे पुसले आणि आईने त्यांना फराळाला बसवून त्या बाबतीत पुढे काही बोलू दिलं नाही.

हिरवी सायकल केव्हाच विकली गेली होती. काळी मिळाली, टोपली नसलेली, पण घंटी चांगली होती. घरी आणून पूजा केली, नारळ फोडला, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की मला सायकल चालवता येत नाही. वर्षभर मी मनात चालवत होते, त्यामुळे मलाही ते सुचलं नव्हतं. आई इतकी हसली की गादीवरून उठेना. दिवाळीची सुट्टी संपली तरी मी पडतच होते. मग काही दिवस आम्ही कॉलेजला तिघं गेलो. मी, बाबा आणि सायकल. बाबा तिचं हँडल धरून चालायचे, माझी पुस्तकं कॅरिअरला. कॉटन मार्केटातले हमाल विचारायचे, "काहून गा, पंक्चर झाली काय?" बाबा म्हणायचे, नाई, नवी हाय, सवय करून राहिलो.

संध्याकाळी महालातल्या मोकळ्या मैदानावर बाबा कॅरिअर धरून मागे पळायचे. त्यांना दम लागायचा, धोतर सावरायला एक हात लागायचा, तेवढ्यासाठी कॅरिअर सोडलं की मी पडायचे. एका संध्याकाळी मी मैदानाला पूर्ण फेरी घालून आले तर बाबा सुरुवातीच्या जागीच उभे होते, दोन्ही हातांनी धोतर धरून. कॅरिअर त्यांनी केव्हा सोडलं ते मला कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल बाहेर काढली, पुस्तकं बांधली आणि बाबांची वाट पाहू लागले. म्हटलं, आपण हळू चालवू, बाबा बाजूने येतील. पण बाबा ओट्यावर बसून बशीतून चहा पीत होते. धोतर घरातलंच, टोपी खुंटीला. कापडी पिशवी आईने धुऊन दोरीवर वाळत घातली होती.

मी विचारलं, "बाबा, तुमचं बर्डीतलं काम?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "सरलं," ते म्हणाले. "तू जाय वं. उशीर होते."

मी आईकडे पाहिलं. ती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला एका वर्षाचं सगळं दिसलं. गांधीबाग आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर होती आणि बर्डी अगदी उलट दिशेला. शिंपी नव्हते, नमुने नव्हते. छोट्या शेठनी कसलंही काम दिलेलं नव्हतं. त्या पिशवीत नमुने आहेत असं मी वर्षभर धरून चालले होते. त्यात बाबांच्या दुपारच्या दोन भाकरी असत. मला फाटकात सोडून ते तोच सगळा रस्ता एकटे, सुतळी बांधलेल्या चपलांनी, दुकान उघडायच्या आत परत चालत येत होते.

आई म्हणाली, तिच्या त्या गादीवरच्या आवाजात, पण हळू, "त्या कामाचा हिशेब राहिलाच पाहा."

"राहू दे," बाबा म्हणाले आणि त्यांनी बशी उचलली.

पुढे मी शिकले, शाळेत लागले, नोकरीची सगळी वर्षं पहिल्या तारखेला पगार घेतला. पहिला पगार बाबांच्या हातावर ठेवला तेव्हा त्यांनी तो कपाळाला लावला आणि न मोजता आईकडे दिला. त्या पैशांतून मी त्यांना चपला आणल्या, चांगल्या जाड तळाच्या. मी त्यांना आयुष्यात पुष्कळ काही आणून दिलं. त्यांनी ते सगळं घेतलं, पण कधी काही मागितलं नाही. शेवटच्या आजारातसुद्धा पाणी हवं असलं की ते फक्त खाकरायचे, आणि आम्ही दोघी घरातल्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत यायचो.

बाबांनी 'सरलं' म्हटलं त्या सकाळी मी एकटीच सायकलवर बसले. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर एकदा मागे वळून पाहिलं. बाबा ओट्यावरून उठून रस्त्यावर आले होते आणि मी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे होते. शुक्रवारी तलावाच्या काठाने मी रस्त्याच्या बाजूने, बाबांच्या जागेवरून, सायकल चालवली. काठाच्या बाजूची जागा मोकळी होती.